सहा मण्यांची खोडी

एप्रिलच्या अखेरीस नाशिकच्या रविवार कारंजावरच्या मेडिकलमधून सासूबाईंचं इन्सुलिन घेतलं, स्कूटीच्या डिकीत टाकलं आणि साफ विसरले. कॉलेजात पेपर तपासायचा ढीग होता, तेवढंच निमित्त. चार दिवस ती बाटली पंचवटी ते गंगापूर रोड आणि परत अशी माझ्याबरोबर फिरली. दुपारभर उन्हात उभ्या गाडीत भाजली, येता-जाता प्रत्येक गतिरोधकावर घुसळली गेली. पाचव्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "अगं, माझी बाटली आणणार होतीस ना?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

बाटली खिडकीशी धरून पाहिली. हे इन्सुलिन पाण्यासारखं नितळ असतं. माझ्या हातातलं गढुळलेलं होतं, आणि बाटली जरा कलंडली की तळातून कापसाच्या पेळूसारखे पांढुरके धागे वर उठत होते. मेडिकलवाल्या दादांनी एक नजर टाकली नि म्हणाले, "ताई, हे गेलं. फेकून द्या."

गेलं म्हणजे काय झालं? मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला गप्प बसू देईना. दूध जातं तेव्हा त्यात जंतू वाढलेले असतात. इथे बूच सीलबंद, आत जंतूंना रोखणारं औषध घातलेलं. बाहेरून काही आत गेलेलं नाही, आतलं काही बाहेर आलेलं नाही. इन्सुलिनचे तेच रेणू एकमेकांना वेगळ्या तऱ्हेने चिकटून उभे राहिले, एवढंच. आणि उभं राहण्याची ही तऱ्हा जगात इतरत्रही सापडते: अल्झायमर झालेल्या माणसाच्या मेंदूत, पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत, टाइप २ मधुमेह असलेल्या बहुतेकांच्या स्वादुपिंडात. प्रथिनं प्रत्येक ठिकाणी वेगळी, पण रचना तीच. तिला ॲमिलॉइड म्हणतात.

नाव चुकीचं आहे, हे आधीच सांगून टाकते. १८५४ मध्ये रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने मेंदूच्या ऊतीतल्या काही कणांवर आयोडीन टाकलं, ते निळसर झाले. बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकून आपण शाळेत करतो तोच प्रयोग. त्याला वाटलं हा स्टार्चसारखाच काही पदार्थ असणार. स्टार्चला लॅटिनमध्ये अमायलम म्हणतात, त्यावरून ॲमिलॉइड. पाचच वर्षांनी फ्रीडराइख आणि केकुले यांनी अवयवांमधला हा साठा तपासला. त्यात स्टार्च नव्हता, नायट्रोजन भरपूर होता, म्हणजे हे प्रथिन. (हा केकुले तोच, बेंझीनच्या षटकोनाचा. बारावीची मुलं त्याला दुसऱ्या कारणासाठी शिव्या देतात.) नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी २० प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. इन्सुलिनच्या दोन छोट्या माळा असतात, एक २१ मण्यांची, दुसरी ३० मण्यांची, आणि त्या गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींना बांधलेल्या. पण माळ सहसा लांबलचक पसरलेली राहत नाही. पेशीतल्या पाण्यात ती स्वतःभोवती दुमडते. काही मण्यांना पाणी आवडतं, ते बाहेर राहतात. काही तेलकट स्वभावाचे, ते आत दडी मारतात. करंजीसारखं समजा: सारण आत, पारी बाहेर, कडा नीट मुरडलेली. जोवर मुरड पक्की आहे तोवर आत काय भरलंय याची तळणीतल्या तेलाला खबर नसते. एक करंजी फुटली की सगळ्या घाण्याचा विचका.

आता या लेखाचा खरा विषय. माळेतल्या सगळ्याच मण्यांमध्ये ही धागे विणण्याची खोड असते का? पुष्कळ काळ नक्की सांगता येत नव्हतं. धाग्यांची ढोबळ रचना मात्र बरीच आधी दिसली होती. १९३५ मध्ये इंग्लंडात विल्यम ॲस्टबरीने पाण्यात शिजवलेल्या अंड्याचा पांढरा भाग ताणला आणि त्यातून क्ष-किरण सोडले. त्याला जो नमुना मिळाला, तोच पुढे १९६८ मध्ये रुग्णांच्या अवयवांतून काढलेल्या ॲमिलॉइड तंतूंमध्येही मिळाला. नमुना सांगतो असा: माळेचे सरळ झालेले तुकडे एकावर एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे, धाग्याच्या लांबीला आडवे रचलेले. दोन पायऱ्यांमधलं अंतर साधारण ०.४८ नॅनोमीटर. हायड्रोजन बंध प्रत्येक पायरीला वरच्या आणि खालच्या पायरीशी धरून ठेवतात. अशा दोन किंवा जास्त शिड्या साधारण एक नॅनोमीटर अंतरावर पाठीला पाठ लावून उभ्या असतात.

इतकं कळलं, पण शिड्यांच्या मधल्या फटीत काय आहे ते दिसेना. तंतूंचे नीट स्फटिक बनत नाहीत, आणि स्फटिक नाही तर क्ष-किरणांनी अणू-अणू दिसत नाही. मार्ग काढला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या गटाने. त्यांनी अख्खं प्रथिन बाजूला ठेवलं आणि फक्त एक तुकडा घेतला. यीस्टमध्ये ६८५ मण्यांचं एक प्रथिन आहे, त्यातले सातच मणी: ग्लायसीन, दोन अ‍ॅस्परॅजीन, दोन ग्लुटामीन, पुन्हा एक अ‍ॅस्परॅजीन आणि शेवटी टायरोसीन. या सात मण्यांनी एकट्याने तंतूही बनवले आणि अगदी सूक्ष्म स्फटिकही. २००५ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली.

फटीत होती चेन. पर्सला, दप्तराला असते तशी. एका शिडीच्या मण्यांचे बाजूला आलेले हात दुसऱ्या शिडीच्या हातांमध्ये दातांत दात बसावेत तसे घट्ट रुतलेले. इतके घट्ट की मध्ये पाण्याचा एक रेणूही उरलेला नाही. आजूबाजूला सगळीकडे पाणी, आणि चेनीच्या आत कोरडं ठाक. इथे कोणी सरकवायला बसलेलं नाही. मण्यांचे आकारच एकमेकांत बसतात, आतलं पाणी पिळून बाहेर निघतं आणि दात लागतात. एकदा लागलेली ही चेन उघडणं फार कठीण. पेशी नकोशी झालेली प्रथिनं तोडायला कातऱ्या ठेवते, त्याही इथे बोथट पडतात.

मग इतर प्रथिनांतले असेच तुकडे शोधायची झुंबड उडाली. अल्झायमरमध्ये गुंता करणाऱ्या टाऊ प्रथिनात, जे सर्वांत लांब रूपात ४४१ मण्यांचं असतं, तिथे ३०६ ते ३११ क्रमांकाचे सहा मणी सापडले: व्हॅलीन, ग्लुटामीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन, टायरोसीन, लायसीन. अल्झायमरच्याच दुसऱ्या प्रथिनात, ॲमिलॉइड-बीटामध्ये, १६ ते २० हा पट्टा. आणि इन्सुलिनमध्ये? मोठ्या माळेतले ११ ते १७, सात मणी. डिकीतल्या बाटलीवर मला राग काढायचा असेल तर तो या सात मण्यांवर काढायला हवा. (आणि माझ्या विसरभोळेपणावर, हे सासूबाईंचं मत.)

पण तुकडा एकटा तंतू बनवतो म्हणून अख्ख्या प्रथिनालाही तोच ओढत नेतो, असं कसं म्हणायचं? एकट्यादुकट्या पोराने गल्लीत दंगा केला म्हणून त्याने सगळा वाडा उठवला हे सिद्ध होत नाही. यावर केलेला प्रयोग मला फार आवडतो. गाईच्या स्वादुपिंडात रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ मण्यांचं एक प्रथिन असतं. अतिशय सज्जन. उलगडलं तरी आपलं आपण पुन्हा बरोबर दुमडतं. त्यावरच्याच कामासाठी ख्रिश्चन ॲनफिन्सन यांना १९७२ चं नोबेल मिळालं. साध्या परिस्थितीत ते ॲमिलॉइड बनवत नाही. आयझेनबर्ग यांच्या गटाने या सज्जनाच्या एका लवचिक वळणात, बिजागरीसारख्या जागी, रोगांशी संबंधित प्रथिनांतले असे छोटे तुकडे घुसवले. तंतू बनायला लागले. बाकीचे १२४ मणी तेच, क्रम तोच. याआधी त्याच जागी सलग दहा ग्लुटामीन घालून केलेल्या प्रयोगात तर तंतूत अडकलेले रेणू आपलं नेहमीचं काम, आरएनए कापायचं, करत राहिलेले दिसले. म्हणजे सगळी माळ उसवायचीही गरज नाही. सहा-सात मणी उघड्यावर, जरा हलती जागा, एवढं पुरतं.

यातून उलटा प्रश्न उभा राहतो, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. अशा खोडकर मण्यांचे पट्टे संगणकाने शोधले तेव्हा ते बहुतेक सगळ्या प्रथिनांत निघाले. मग आपण सगळे आतापर्यंत धाग्यांचा गुंडा का झालो नाही? कारण करंजीची मुरड. हे पट्टे बहुधा आत गाडलेले असतात, किंवा अशा वळणात अडकलेले असतात की सरळ होऊच शकत नाहीत. शिवाय त्यांच्या दोन्ही अंगांना बऱ्याचदा विद्युतभार असलेले मणी पहाऱ्याला बसवलेले असतात. सारखा भार सारख्या भाराला दूर ढकलतो, त्यामुळे चेनीचे दात जवळच येत नाहीत. पेशीत दुमडायला मदत करणारी प्रथिनंही असतात. वय वाढतं तसं ही सगळी राखण सैल पडते.

इन्सुलिनचंही तसंच. बाटलीत त्याचे सहा-सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती कोंडाळं करून बसलेले असतात आणि त्या घोळक्यात ते सुरक्षित असतात. उष्णतेने घोळका फुटतो, रेणू सुटे होतात. हलवल्याने बाटलीतल्या हवेचा आणि पाण्याचा पृष्ठभाग सारखा नवा होत राहतो, आणि सुटा रेणू त्या पृष्ठभागाला लागला की तेलकट बाजू वर करून उलगडतो. डिकीत मी दोन्हीची सोय केली होती.

चेनीचा एक दात वाकला की काय होतं हे पर्स वापरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. निसर्गानेही हा उपाय वापरलाय. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्सुलिन सोडतात त्याच पेशी सोबत ३७ मण्यांचं आणखी एक संप्रेरक सोडतात, त्याचं नाव अमायलिन. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडात साचतं ते हेच. माणसात साचतं, मांजरात साचतं, उंदरात साचत नाही. माणसाचं आणि उंदराचं अमायलिन शेजारी मांडलं तर ३७ पैकी फक्त ६ मणी वेगळे निघतात, आणि त्यातले तीन, २५, २८ आणि २९ क्रमांकाचे, उंदरात प्रोलीन आहेत. प्रोलीन हा वाकडा दात. त्याची घडणच अशी की माळेला तिथे कोन पडतो आणि शेजारच्या पायरीला धरायला लागणारा हायड्रोजन त्याच्याकडे नसतो. शिडी तिथेच मोडते. ही युक्ती सरळ उचलून माणसाच्या अमायलिनमध्ये त्याच तीन जागी प्रोलीन बसवले आणि प्रॅम्लिनटाइड हे औषध तयार केलं. अमेरिकेत मधुमेहावरचं इंजेक्शन म्हणून त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. माणसाच्या मूळ अमायलिनचं औषध केलं असतं तर ते बाटलीतच धागे धरून बसलं असतं. टाऊमध्येही त्या सहा मण्यांत एक प्रोलीन घातला की परीक्षानळीतली गुंतागुंत थांबते. वर्गात हे सांगताना मी दरवेळी जरा जास्तच रंगते.

पार्किन्सनमधल्या अल्फा-सिन्यूक्लीनची कथा याच धाटणीची आहे, म्हणून थोडक्यात: १४० मण्यांच्या माळेत ६१ ते ९५ हा मधला पट्टा खोडकर, आणि त्याचंच भावंड असलेल्या बीटा-सिन्यूक्लीनमध्ये त्या पट्ट्यातले ११ मणी गायब, म्हणून ते सहसा तंतू धरत नाही.

आता सुरुवात कशी होते ते. संक्रांतीचा काटेरी हलवा घरी केलेला पाहिला असेल तर हे चटकन कळेल. माझी आई कोळशाच्या मंद शेगडीवर परात ठेवून बसायची. परातीत तीळ, वर चमच्याने एकेक थेंब पाक, आणि हात सतत फिरता. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. तीळ नुसते ओले होतात, वाळतात, ओले होतात. आम्ही कंटाळून पतंग घेऊन गच्चीवर जायचो. परत यावं तर प्रत्येक तिळाला काटे. पाकाला बसायला जागा मिळाली की पुढचं काम भराभर होतं. खरी मेहनत पहिल्या कणाची.

प्रथिनाचे तंतू असेच येतात. परीक्षानळीत तासन् तास शांतता असते, मग एकदम उसळी, मग सगळा माल संपला की पुन्हा शांतता. पहिले मोजके रेणू नेमक्या एकाच ढंगाने एकत्र यावेत हा दुर्मिळ योग. तो जुळला की बी तयार झालं, आणि मग येणारा प्रत्येक रेणू त्या टोकाला पाहून तसाच सरळ होतो. आधीच तयार तंतूंचा चुरा नळीत टाकला तर शांततेचा काळ आटतो किंवा नाहीसाच होतो. तंतू मोडला की एकाची दोन टोकं वाढतात, म्हणजे हलवणं दुहेरी घातक. वर ॲमिलॉइड-बीटासारख्या प्रथिनात तर तयार तंतूच्या अंगावरच नवी बीजं धरतात, हलव्यावर काटे यावेत तशी. मेंदूत ही शांतता वर्षांनुवर्षांची असते. अल्झायमरमध्ये साठा सुरू होतो तो विसरभोळेपणा दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. आमच्या शेजारचे काका रोज पहाटे रामकुंडावर जायचे, परवा त्यांनी मला गोदावरीचा रस्ता विचारला. त्यांच्या डोक्यातला पहिला कण कधी धरला असेल? बहुधा ते नोकरीत होते तेव्हा.

इथे एक गैरसमज होऊ शकतो. बी टाकलं की पसरतं, मग हा आजार लागतो का? प्रायॉन नावाच्या प्रथिनाचे आजार अशा पद्धतीने संक्रमित होतात, हे खरं. त्यासाठी स्टॅनली प्रुसिनर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. पण अल्झायमर वा पार्किन्सनच्या रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्या ताटातलं खाल्ल्याने, त्याची सेवा केल्याने काहीही होत नाही. काकांच्या घरी जायला बिचकू नका.

सहा मण्यांचं चित्र सुबक आहे, म्हणून त्यात थोडी गडबडही सांगते. २०१७ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेत अल्झायमर रुग्णाच्या मेंदूतूनच काढलेले टाऊचे तंतू गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. गाभा निघाला ३०६ ते ३७८ या मण्यांचा, म्हणजे सुरुवात थेट त्या कुप्रसिद्ध सहा मण्यांपासून. पण त्यांच्या समोर त्यांचीच प्रतिमा नव्हती. त्याच माळेचा शेवटाकडचा भाग इंग्रजी सी अक्षरासारखा वळून त्यांच्यासमोर येऊन बसला होता. चेन आहे, पण दोन बाजूंचे दात वेगळे. नंतर दिसलं की टाऊच्या वेगवेगळ्या आजारांत तेच प्रथिन वेगवेगळ्या घड्या घालतं. छोट्या तुकड्याचा स्फटिक म्हणजे गुन्हेगाराच्या बोटाचा ठसा. चेहरा त्याहून गुंतागुंतीचा आहे.

आणखी एक वाद अजून मिटलेला नाही. पेशीला नक्की मारतं कोण, पूर्ण वाढलेला तंतू की वाटेवरचे छोटे घोळके? बरेच संशोधक घोळक्यांकडे बोट दाखवतात. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे अल्झायमरवरचं औषध मेंदूतला ॲमिलॉइड-बीटाचा साठा बराच उपसून काढतं, पण घसरण थांबत नाही. दीड वर्षाच्या चाचणीत ती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, आणि मेंदूला सूज, बारीक रक्तस्राव हे धोके आहेत. मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त पटतो: करंजी फुटूच न देण्याचा. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन चार भागांचं असतं, ते सुटे झाले की हृदयात ॲमिलॉइड साचतो. टॅफॅमिडिस हे औषध त्या चार भागांच्या सांध्यात बसून त्यांना एकत्र धरून ठेवतं. रुग्णांना त्याचा उपयोग होतो. आणि हळदीबद्दल विचाराल, कारण कोणी ना कोणी विचारतंच: हळदीतलं कर्क्युमिन परीक्षानळीत तंतूंना अडवतं, पण अल्झायमरच्या रुग्णांवर केलेल्या चाचण्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. आमटीत घाला, औषध म्हणून विकत घेऊ नका.

तंतू सरसकट वाईट असंही नाही. आपल्या पिट्युटरी ग्रंथीत संप्रेरकं दाटीवाटीने साठवून ठेवलेली असतात ती ॲमिलॉइडच्याच रूपात, आणि बाहेर सोडली की विरघळतात. २००९ मधल्या या कामात समीर माजी पुढे होते, ते आता मुंबईच्या आयआयटीत आहेत. तिथे चेन लागते, पण उघडायची सोयही ठेवलेली असते.

नवी बाटली आणली, थेट फ्रिजच्या दारात. नेमक्या त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सासूबाईंचं पोट तपासताना बेंबीच्या डावीकडे बोट थांबवलं. तिथे गाठ होती. अकरा वर्षं सुई तिथेच, कारण तिथे दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेकदा ही चरबीची मऊ गाठ असते. कधी कधी मात्र आत इन्सुलिनचाच ॲमिलॉइड साचलेला असतो, आणि मग टोचलेलं औषध त्या गाठीतच अडकतं. जागा बदला, पण डोस मी ठरवेन तेवढाच घ्यायचा, कारण नव्या जागी तो पुरता लागू पडेल आणि साखर एकदम खाली येईल. म्हणजे ज्या धाग्यांवर मी वाचत होते ते कदाचित स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभं राहून भाजी निवडत होते.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशोबाखाली, सासूबाई रोज पेन्सिलीने एक अक्षर लिहितात. डा, उ, मां. डावीकडे, उजवीकडे, मांडी. काल 'मां' दोनदा आलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "एक सकाळचं, एक माझ्या माहेरून आलेले मांडे, ते लिहून ठेवलेत."